खालून आलेला विजेता

(कोल्हापुरातील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते वर्तमानपत्रातला गुणतक्ता खालून वर वाचायचे. वर कोण आहे ते सगळ्या गावाला ठाऊक असतं. तळाला कोण आहे आणि का आहे ते बघा, असं त्यांचं सांगणं असे. संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा हे आठवलं आणि 2015-16च्या आय-लीगचा गुणतक्ता डोळ्यांसमोर आला. आय-लीग ही तेव्हा देशाची अधिकृत अव्वल स्पर्धा होती. नऊ संघ. नवव्या क्रमांकावर पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, आठव्या क्रमांकावर मिझोरमचा ऐझॉल एफसी. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे एक संघ खालच्या श्रेणीत जायचा होता. गेला तो आठवा.

नवव्याला अभय होतं. तो संघ खालच्या श्रेणीतून खेळून, जिंकून आलेला नव्हता. उद्योगसमूहांसाठी ठेवलेल्या थेट प्रवेशाच्या वाटेने तो आला होता आणि तसा प्रवेश घेणाऱ्यांना सुरुवातीची काही वर्षं घसरणीतून सूट होती. ऐझॉल मात्र 2015मध्ये दुसरी श्रेणी जिंकून वर आलेला. म्हणून नवव्याच्या वाट्याची शिक्षा आठव्याने भोगली. ऐझॉल तिथेच संपला असता तर आज त्याचं नावही आपल्याला आठवलं नसतं. पुढच्याच मोसमात तो देशाचा विजेता झाला. 30 एप्रिल 2017 ही ती तारीख. ईशान्य भारतातला एखादा क्लब देशाच्या अव्वल लीगचा विजेता होण्याची ती पहिलीच वेळ.

जगाच्या फुटबॉलमध्ये अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आल्फ रॅमसी यांचा इप्सविच टाउन 1961मध्ये पहिल्यांदाच इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत आला आणि 1962मध्ये विजेता झाला. ब्रायन क्लफ आणि पीटर टेलर यांचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट 1977मध्ये दुसऱ्या श्रेणीत तिसरा येऊन कसाबसा वर चढला. चौथ्या क्रमांकावरचा बोल्टन फक्त एका गुणाने मागे होता. पुढच्या वर्षी त्याच फॉरेस्टने लिव्हरपूलला सात गुणांनी मागे टाकून इंग्लंडचं विजेतेपद घेतलं आणि 1979 व 1980 अशी सलग दोन वर्षं युरोपियन कप उचलला.

मला यातलं सर्वांत जवळचं वाटतं ते जर्मनीतल्या कैसरस्लाउटर्नचं. लाखभर वस्तीचं ते गाव. 1996च्या एकाच मोसमात त्यांचा क्लब जर्मन कप जिंकला आणि बुंडेसलिगातून खालीही घसरला. 1997मध्ये वर आला आणि 1998मध्ये बायर्न म्युनिकला दोन गुणांनी मागे टाकून विजेता झाला. प्रशिक्षक होते ओटो रेहागेल, ज्यांना बायर्ननेच 1996मध्ये काढून टाकलं होतं. वर आल्यावरचा पहिलाच सामना म्युनिकमध्ये होता, आणि तो कैसरस्लाउटर्नने 1-0 असा जिंकला. नुकता वर आलेला संघ त्याच मोसमात विजेता होणं हे बुंडेसलिगात त्यानंतर आजवर घडलेलं नाही.

ऐझॉलची कहाणी याच्याशी किती जुळते पाहा. 2016च्या ज्या मोसमात ते खाली घसरले, त्याच मोसमात फेडरेशन कपमध्ये त्यांनी त्या वर्षीच्या लीगविजेत्या बंगळुरूला बाद केलं आणि अंतिम फेरी गाठली. गुवाहाटीत मोहन बागानने त्यांना 5-0 असं धुतलं, हे खरं. पण अंतिम सामन्यापर्यंत पोचलेला संघ दुबळा नव्हता. लीगच्या तक्त्यात तो आठवा होता आणि बादफेरीत देशात दुसरा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वरच्या श्रेणीत टिकायला सवय लागते, मोसमभर पुरेल एवढा राखीव खेळाडूंचा ताफा लागतो, प्रवासाला पैसा लागतो. या गोष्टी कमी पडल्या की चांगला संघही घसरतो. त्याच्या अंगातलं फुटबॉल तेवढ्याने आटत नाही.

आता ऐझॉल परत आला कसा ते सांगायला हवं, कारण ही बाजू बऱ्याच जणांना माहीत नसते आणि तिचा थेट संबंध आपल्या शेजारच्या गोव्याशी आहे.

2016मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने पुढच्या रचनेचा आराखडा मांडला. त्यात इंडियन सुपर लीग सर्वांत वर आणि आय-लीग तिच्या खाली, पण खालून खेळून वर जायची वाट नाही, असा बेत होता. गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे तिन्ही क्लब त्याच्या निषेधार्थ आय-लीगमधून बाहेर पडले. यातल्या धेंपोने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा देशाचं विजेतेपद घेतलं होतं. 2015मध्ये ते घसरले, 2016मध्ये दुसरी श्रेणी जिंकून पुन्हा वर यायला पात्र झाले, आणि तो हक्क त्यांनी सोडून दिला. जिंकून मिळवलेली जागा तत्त्वासाठी सोडणं सोपं नसतं. त्या दिवसांत गोव्यातल्या फुटबॉलप्रेमींना काय वाटलं असेल याचा अंदाज कोल्हापूरकरांना तरी लगेच येईल. संघ कमी पडले तसा महासंघाने ऐझॉलला पुन्हा अव्वल श्रेणीत घेतलं. गोव्याच्या निषेधाने मिझोरमसाठी दार उघडलं. दोन्ही घटनांमागे एकच प्रश्न होता, तो म्हणजे खेळून वर येता येणार की नाही.

दार उघडलं तेव्हा आत शिरायला ऐझॉल तयार होता. त्या तयारीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

2011च्या जनगणनेनुसार मिझोरमची लोकसंख्या सुमारे 11 लाख. आपल्या एका मध्यम जिल्ह्याहूनही कमी. मोठा उद्योग नाही, सपाट जमीन नाही. ऐझॉल शहर डोंगराच्या कण्यावर वसलेलं, घरं उतारांवर एकावर एक चढत गेलेली. तिथे मैदान म्हणजे डोंगर कापून केलेली जागा. क्लब स्थापन झाला 1984मध्ये, म्हणजे मिझो शांतता कराराच्या दोन वर्षं आधी. 1966पासून ज्या भूमीने बंड, बॉम्बहल्ला, संचारबंदी आणि गावंच्या गावं उठवून दुसरीकडे वसवणं हे सगळं सोसलं, तिथे तरुण मुलं क्लब काढून खेळत होती. लोक या संघाला 'जनतेचा क्लब' म्हणतात, ते उगाच नाही.

पण नुसत्या आवडीने संघ उभा राहत नाही. 2012मध्ये मिझोरम फुटबॉल संघटनेने मिझोरम प्रीमिअर लीग सुरू केली. त्या लीगला पैसा आणि प्रक्षेपण दिलं झोनेट या ऐझॉलमधल्याच केबल कंपनीने. सामने फ्लडलाइटमध्ये, लाम्मुआलच्या कृत्रिम हिरवळीच्या मैदानावर. मुंबई-दिल्लीतल्या कुठल्याही वाहिनीने मिझोरमचं फुटबॉल दाखवायला यावं म्हणून ते थांबले नाहीत. आपल्याच गावातल्या केबलवर, आपल्याच भाषेतल्या समालोचनासह, आपलीच मुलं त्यांनी संध्याकाळी घरोघरी दाखवली. शेजारचा मुलगा टीव्हीवर दिसला की त्याच्या धाकट्या भावाला पुढचा रस्ता दिसतो. दोनच वर्षांत, 2014मध्ये, मिझोरमने रेल्वेला अंतिम सामन्यात 3-0 असं हरवून संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला.

त्याच्या आधीही मिझो मुलं बाहेर पडत होती. टाटा फुटबॉल अकादमीतून कोलकात्यात ईस्ट बंगालकडे गेलेला शायलो मालसॉमत्लुआंगा, ज्याला सगळे मामा म्हणत, तो पहिल्या फळीतला. मग जेजे लालपेखलुआ आला आणि देशाच्या संघाचा आघाडीचा खेळाडू झाला. पण नाव काढायचं तर घर सोडून जायचं, अशी ती वाट होती. लीग सुरू झाल्यावर घरी राहूनही खेळाडू होता येतं हे दिसलं. ऐझॉलच्या विजेत्या संघाचा गाभा या लीगच्या पिढीतला.

आता प्रशिक्षकाकडे येतो. खालिद जमील जन्मले कुवेतमध्ये, पण त्यांची कारकीर्द घडली मुंबईत. महिंद्र युनायटेडकडून ते खेळले, नंतर मुंबई एफसीत खेळले आणि तिथेच प्रशिक्षक झाले. मुंबई एफसीकडे कधीच मोठा पैसा नव्हता. तक्त्याच्या खालच्या भागात राहायचं आणि दरवर्षी शेवटच्या टप्प्यात तग धरायचा, हे तिथलं काम. सात मोसम त्यांनी ते केलं. त्यांचा खेळ फार बचावात्मक आहे अशी टीका व्हायची. 2016मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला.

ते ऐझॉलला गेले आणि मुंबईत ओळखीचे झालेले काही खेळाडू त्यांनी बरोबर नेले. मुंबईचा जयेश राणे आणि बचावातला आशुतोष मेहता हे दोघेही मुंबई एफसीचे. गोलरक्षक आल्बिनो गोम्स गोव्याचा. परदेशी खेळाडूंत सीरियाचा महमूद अल-आम्ना, लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान, आयव्हरी कोस्टचा कामो बायी. सीरियात युद्ध पेटलेलं असताना अल-आम्ना मिझोरमच्या डोंगरांत खेळत होता आणि त्या संघाचा सगळा खेळ त्याच्या पायांतून फिरत होता. याखेरीज झोहमिंगलिआना राल्ते, लालरुअत्थारा, ब्रँडन वानलालरेम्दिका अशी स्थानिक मुलं. क्लबचा वर्षाचा खर्च त्या वेळच्या बातम्यांत सुमारे दोन कोटी सांगितला जायचा. मोहन बागान आणि बंगळुरूचा खर्च याच्या कित्येक पट.

खेळ कसा होता? झगमगाट नव्हता. बचाव घट्ट, मधली फळी दमदार, आणि संधी मिळाली की एक गोल. 18 सामन्यांत 11 विजय, 4 बरोबरी, 3 पराभव. बहुतेक विजय एका गोलाच्या फरकाने. मुंबईत ज्या शिस्तीला लोक कंटाळले होते, तिच्याच बळावर ऐझॉलने लीग जिंकली. तग धरायला शिकवणारा प्रशिक्षक विजेतेपदही मिळवून देऊ शकतो हे मुंबईला सात वर्षांत दिसलं नाही, याची मला आजही खंत वाटते. 2016-17च्या त्याच मोसमात मुंबई एफसी शेवटच्या, दहाव्या क्रमांकावर राहिला आणि पुढे बंद पडला. पुण्याचा डीएसके शिवाजियन्सही त्याच वर्षी आय-लीगमधून गेला. घसरणीतून मिळालेल्या सवलतीने तो वाचला नाही.

शेवटचे दोन सामने तुमच्यापैकी ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. 16 फेऱ्यांनंतर ऐझॉल आणि मोहन बागान यांचे सारखेच, 33 गुण. 22 एप्रिलला दोघांची गाठ ऐझॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर. कोलकात्याचा शंभरहून जास्त वर्षांचा क्लब एका बाजूला, त्या मोसमात त्यांच्याच संघात मिझोरमचा जेजे, आणि दुसऱ्या बाजूला आदल्या वर्षी घसरलेला संघ. 83 मिनिटं गोल नाही. मग राल्तेने उंच उडी घेऊन डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. तो बचावपटू आहे. लीगचा सर्वांत मोलाचा गोल एका बचावपटूने केला, हे खालिदच्या संघाला शोभणारंच होतं.

आता तीन गुणांची आघाडी. शेवटच्या दिवशी बरोबरी पुरेशी होती, हार चालणार नव्हती, कारण बागान जिंकला आणि दोघांचे गुण सारखे झाले तर पारडं बागानकडे झुकणार होतं. सामना शिलाँगला, लाजोंगच्या मैदानावर. ऐझॉलहून हजारो माणसं डोंगरातल्या लांबलचक रस्त्याने गाड्या भरून शिलाँगला पोचली होती. नवव्या मिनिटाला लाजोंगच्या दिपांडा डिकाने गोल केला. तिकडे कोलकात्यात बागान आणि चेन्नई सिटी यांचा सामना त्याच वेळी सुरू होता. म्हणजे या क्षणापासून बागानचा एक विजय ऐझॉलचं वर्ष हिरावून घेऊ शकत होता. पुढचा जवळजवळ तासभर ऐझॉल पिछाडीवर खेळला.

अशा वेळी संघ दोन चुका करतात. घाईने सगळे पुढे धावतात, किंवा घाबरून पाय आखडता घेतात. ऐझॉलने यातलं काही केलं नाही. जागा सोडल्या नाहीत, अल-आम्नाकडे चेंडू जात राहिला. 67व्या मिनिटाला विल्यम लालनुन्फेला या तरुण मिझो मुलाने बरोबरी साधली. बागानने आपला सामना 2-1 असा जिंकला आणि तरीही एका गुणाने मागे राहिला. 37 आणि 36.

परतल्यावर ऐझॉलमध्ये मिरवणूक निघाली, रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसंच माणसं. त्या आनंदाबद्दल मी वेगळं काय सांगणार? संतोष करंडकात आपल्या गावचा मुलगा खेळला तरी आपल्या पेठेत फटाके वाजतात.

पण त्यानंतर जे झालं ते बोललंच पाहिजे. जगातल्या कुठल्याही देशात लीग जिंकणारा क्लब पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये आपलं विजेतेपद राखायला उतरतो. ऐझॉलच्या पायाखालची लीगच सरकली. त्याच वर्षीपासून इंडियन सुपर लीग आणि आय-लीग एकाच वेळी, समांतर सुरू झाल्या. सुपर लीगमध्ये नव्या जागा बोलीने दिल्या गेल्या. बंगळुरू आणि जमशेदपूर आत गेले. देशाचा विजेता बाहेर राहिला. ऐझॉलने जाहीर निषेध केला, उपयोग झाला नाही. संघही फुटला, आणि तो फुटणारच होता. खालिद ईस्ट बंगालला गेले, अल-आम्ना आणि ब्रँडनही तिकडे. कामो मोहन बागानकडे, लालरुअत्थारा केरळला, राणे आणि मेहता कोलकात्याच्या एटीकेकडे. विजेतेपदाच्या जोरावर ऐझॉल 2018मध्ये आशियाई पातळीवर पोचला, इराणच्या झोब आहानशी त्यांच्या देशात जाऊन भिडला आणि 3-1 असा हरला. त्यानंतर त्यांना लीग पुन्हा जिंकता आलेली नाही.

फॉरेस्टने विजेतेपदानंतर त्याच बळावर युरोप जिंकला, कारण मिळवलेलं कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. तिथली शिडी दोन्ही बाजूंनी उघडी होती. हाच मला सर्वांत मोठा फरक वाटतो. पैसा मिझोरममध्ये कमी होता, तसा कैसरस्लाउटर्नमध्येही बायर्नपेक्षा कमीच होता. गुणवत्ता दोन्हीकडे होती. नियम पक्का असणं आणि नसणं, एवढंच वेगळं.

आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगमध्ये बढती मिळायला 2023 उजाडलं. पंजाब एफसी हा बढती मिळवून वर गेलेला पहिला क्लब, त्याच्यामागून 2024मध्ये कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग. ऐझॉलने लीग जिंकल्यापासून सहा वर्षांनी दार किलकिलं झालं. ऐझॉलला त्याचा लाभ मिळाला नाही. खालिद मात्र वर चढत गेले. नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर असं करत ऑगस्ट 2025मध्ये ते देशाच्या संघाचे प्रशिक्षक झाले. मुंबई एफसीतून निरोप मिळालेला माणूस भारताच्या बाकावर बसला तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

मित्रहो, हे सगळं मी कोल्हापुरात का सांगतो आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. शाहू स्टेडियमवर तालमींच्या, म्हणजे पेठांच्या फुटबॉल संघांच्या, सामन्याला जेवढी गर्दी होते तेवढी आय-लीगच्या कित्येक सामन्यांना होत नाही. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की शहराचा श्वास अडकतो. मिझोरमइतकीच आवड इथे आहे, परंपराही जुनी आहे. आपला अनिकेत जाधव 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आपल्या मुलींच्या एफसी कोल्हापूर सिटीने भारतीय महिला लीगमध्ये खेळून दाखवलं. पुरुषांचा मात्र एकही कोल्हापुरी क्लब राष्ट्रीय लीगच्या शिडीवर पाय रोवून उभा नाही. आपला चांगला मुलगा अठराव्या वर्षी पुण्याला, गोव्याला किंवा कोलकात्याला जातो, जसे मिझोरमचे मामा आणि जेजे जायचे. आणि मैदानावरच्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागतात, हेही आपण या सभागृहात मान्य करायला हवं. ज्या लीगचा मोसम कधी तुटेल याचा भरवसा नाही, तिच्यात कोण पैसा घालेल?

मिझोरमने पहिल्यांदा काय केलं? आधी स्वतःची लीग वेळेवर आणि नीट चालवली, मग ती स्वतःच्या लोकांना दाखवली, आणि त्यातूनच क्लबला दुसऱ्या श्रेणीचा अर्ज भरता आला. राष्ट्रीय लीगच्या खालच्या पायऱ्यांवर पात्रतेचा मार्ग आज उपलब्ध आहे. त्यासाठी परवाना लागतो आणि परवान्यासाठी वयोगटांचे संघ, प्रमाणित प्रशिक्षक आणि मैदान दाखवावं लागतं. एका तालमीला हे एकटीने झेपणार नाही. चार-पाच तालमींनी आपापली नावं आणि रंग जपून राष्ट्रीय पातळीसाठी एक क्लब काढायला काय हरकत आहे? पेठेची ईर्ष्या शाहू स्टेडियमवर चालू राहू दे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचे पदाधिकारी आज समोर बसले आहेत. माझी त्यांना विनंती आहे की हा विषय या मोसमाआधीच्या सभेत घ्यावा, आणि तेरा व पंधरा वर्षांखालील मुलांची लीग वेळापत्रक छापून, तारखा न बदलता, याच वर्षी सुरू करावी.